दोन इंजिनांच्या बोटीला प्रोपेलर निवडताना

भाऊ, बोट घेतलीत, मनापासून अभिनंदन! आधी एकच आकडा बघा: पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाला पूर्ण जोर दिल्यावर, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) किती येतो? तो इंजिनाच्या पुस्तिकेतल्या मर्यादेत, शक्यतो वरच्या टोकाला हवा. कमी पडला तर प्रोपेलरचा पिच (एका फेऱ्यात तो तत्त्वतः जितकं पुढे सरकेल ते अंतर) घटवा, जास्त झाला तर वाढवा. 1 इंच पिचमागे साधारण 150 ते 200 आरपीएमचा फरक पडतो.

नवखे चुकतात ते रिकामी बोट पळवून. मी गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात दोघांवरच चाचणी घेतली. नंतर आठ जण बसले तर नाक आभाळाकडे आणि बोट पाण्यावर उठून धावेचना. टाकी भरा, माणसं बसवा, मग मोजा. नागपूरच्या मे महिन्यातही एकदा मोजा, तापलेल्या हवेत इंजिनाची ताकद घटते.

प्रोपेलर जोडीनेच बदला, एकटा कधीच नाही. व्यासाचं नंतर बघू.