युद्धकाळात मोठ्या बंदरात तटरक्षक दलाचे नेमके काम काय असते?

लढाई नौदल करते, मग युद्धाच्या काळात मोठ्या बंदरात तटरक्षक दलाला काम तरी काय उरते, असे आपण विचारले आहे. माझ्या मते उरणारे सर्वांत मोठे काम म्हणजे आपलाच दारूगोळा आपल्याच बंदरात फुटू न देणे, आणि त्यासाठी लागणारा अधिकार एका माणसाच्या हाती ठेवणे. मी वर्धा जिल्ह्यातील देवळी तालुक्यात राहतो. समुद्र इथून फार दूर आहे. पण पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार आमच्याच तालुक्यात असून मे 2016 मध्ये तेथे लागलेल्या आगीत दोन अधिकाऱ्यांसह अनेक जवानांचा बळी गेला होता. त्यामुळे साठवलेला दारूगोळा म्हणजे काय, हे इकडच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

या जबाबदारीचा सर्वांत स्पष्ट दाखला न्यूयॉर्क बंदराचा आहे. 30 जुलै 1916 रोजी या बंदरातील ब्लॅक टॉम येथे जर्मन हस्तकांनी घडवलेल्या घातपातात दोस्त राष्ट्रांकडे जाणारा दारूगोळा उडाला. अमेरिका तेव्हा पहिल्या महायुद्धात उतरलेलीही नव्हती. पुढील वर्षी झालेल्या कायद्याने बंदरातील जहाजांच्या नांगरण्यावर आणि हालचालींवर सरकारला नियंत्रण मिळाले आणि ते प्रत्यक्ष राबवण्यासाठी तटरक्षक दलाचा अधिकारी ‘कॅप्टन ऑफ द पोर्ट’ म्हणून बसवण्यात आला. त्याच वर्षी 6 डिसेंबरला कॅनडातील हॅलिफॅक्स येथे स्फोटकांनी भरलेले माँ-ब्लाँ हे जहाज दुसऱ्या जहाजाला धडकून पेटले आणि त्याच्या स्फोटात सुमारे 1,800 माणसे गेली. हा घातपात नव्हता, साधा अपघात होता. शत्रूच्या हेराइतकीच निष्काळजी हालचालही घातक ठरते, याचा एवढा मोठा पुरावा दुसरा नसावा.

दुसऱ्या महायुद्धात, पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्याही आधी, 1 नोव्हेंबर 1941 रोजी अमेरिकेचे तटरक्षक दल नौदलाच्या अखत्यारीत आले. तथापि बंदरातील त्याचे रोजचे काम शौर्यकथांत न शोभणारेच राहिले. धक्क्यावर येणाऱ्यांची ओळखपत्रे तपासणे, कोणते जहाज कोठे नांगरायचे ते ठरवणे, अग्निशमन नौका सज्ज ठेवणे, आणि बाँबच्या पेट्या जहाजात उतरवणाऱ्या हमालांच्या डोक्याशी उभे राहून पेटी आपटू न देणे व बिडी-सिगारेट पेटू न देणे, असे ते काम होते. जेथे या देखरेखीला नकार मिळाला तेथे काय झाले, याची नोंदही आहे. कॅलिफोर्नियातील पोर्ट शिकागो येथे दारूगोळा भरण्याची पद्धत धोकादायक असल्याचा इशारा तटरक्षक दलाच्या पथकाने नौदलाला दिला. नौदलाने पद्धत बदलली नाही, पथक निघून गेले आणि 17 जुलै 1944 रोजी झालेल्या स्फोटात 320 माणसे ठार झाली.

देखरेख चोख असूनही आग लागायची ती लागतेच. 24 एप्रिल 1943 रोजी, ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी, न्यूयॉर्क बंदराच्या न्यू जर्सीकडील काठावर केव्हन पॉइंटच्या धक्क्याला लागलेल्या एल एस्तेरो या जहाजाच्या बॉयलरखोलीत तेलाने पेट घेतला. जहाजात सुमारे 1,365 टन दारूगोळा होता, शेजारी तसाच माल घेतलेली दुसरी जहाजे आणि मालगाडीचे डबे उभे होते. समुद्राचे पाणी आत घेऊन जहाज बुडवण्याच्या झडपांपर्यंत आगीमुळे पोहोचता येईना. तेव्हा ते ओढून खोल पाण्यात नेऊन बुडवावे, असा निर्णय तटरक्षक दलाने घेतला. स्वेच्छेने पुढे आलेले जवान पेटत्या जहाजावरच थांबून पाणी मारत राहिले, टग नौकांनी ते ओढून नेले, आणि शहराच्या अग्निशमन नौकांनी त्याच्या पोटात इतके पाणी ओतले की रात्री नऊच्या सुमारास ते बुडून तळाला बसले. एकही जीव गेला नाही. बहुधा म्हणूनच ही घटना फारशी कोणाला ठाऊक नाही.

बरोबर एका वर्षाला दहा दिवस कमी असताना, 14 एप्रिल 1944 रोजी, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत एस.एस. फोर्ट स्टिकिन पेटले. त्यात सुमारे 1,400 टन स्फोटके होती, आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठीही होत्या. आमच्या भागातील जिनिंग-प्रेसिंगमध्ये काम केलेला कोणीही माणूस सांगेल की दाबून बांधलेली गाठ पेटली की वरून कितीही पाणी मारा, ती आत धुमसतच राहते. आग दुपारी दोनच्या सुमारास लक्षात आली आणि पहिला स्फोट चार वाजून सहा मिनिटांनी झाला. या दोन तासांत जहाज बुडवावे, असे लष्कराच्या दारूगोळा अधिकाऱ्याचे म्हणणे होते. अग्निशमन दल पाणी मारत होते. आणि कप्तान, गोदीचे अधिकारी व लष्कर यांपैकी कोणाचाही शब्द अखेरचा ठरला नाही. सुमारे अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. आठशेच्या आसपास माणसे मेली, त्यांत 66 अग्निशमन जवान होते, आणि त्यांच्या स्मरणार्थ 14 एप्रिल हा देशात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

अर्थात ही तुलना सरसकट करता येणार नाही. न्यूयॉर्कचा धक्का उघडा होता, मुंबईचे जहाज दरवाजे असलेल्या बंदिस्त गोदीत उभे होते, इंजिनाच्या दुरुस्तीमुळे त्याला स्वतःहून हलता येत नव्हते, आणि जहाज पूर्ण बुडेल एवढे पाणीही तेथे नव्हते. नशिबाचा वाटा मोठा होता. तरीही हे जहाज आता गेले असे समजून पुढचे पाहा, असे म्हणण्याचा अधिकार एका जागी होता आणि दुसऱ्या जागी तो विखुरलेला होता, हा फरक मला निर्णायक वाटतो.

आपण भारताविषयी विचारले नाही, पण पुढचा प्रश्न तोच असेल. भारतीय तटरक्षक दल 1977 मध्ये हंगामी स्वरूपात आणि 1978 च्या कायद्याने रीतसर स्थापन झाले. ते संरक्षण मंत्रालयाखाली असून 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर किनारी सुरक्षेची जबाबदारी त्याच्याकडे, तर एकूण सागरी सुरक्षेची नौदलाकडे आहे. मात्र मोठ्या बंदराच्या आत जहाजांची हालचाल बंदर प्राधिकरणाचा हार्बर मास्टर ठरवतो आणि पहारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा असतो. न्यूयॉर्कमध्ये तटरक्षक दलाच्या एका अधिकाऱ्याकडे एकवटलेले काम आपल्याकडे असे तीन-चार यंत्रणांत वाटलेले आहे.