सिरॅमिकच्या पुडीचं 'घनीकरण' होतं का?

प्रश्न असा आहे : सिरॅमिकची पूड साच्यात दाबून, वीजप्रवाहाच्या उष्णतेने तिचा ठोकळा करतात, त्या क्रियेला 'चूर्णाचे घनीकरण' म्हणावं का?

मी म्हणणार नाही. 'घन' म्हणजे स्थायूही आणि दाटही, सगळा घोळ तिथेच आहे. 'घनीकरण' वाचलं की काहीतरी पातळ होतं ते गोठलं, असं वाटतं. इथे तर पूड पहिल्यापासून स्थायूच असते. ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, एक नेहमीचं सिरॅमिक) वितळायला २००० अंश सेल्सियसच्याही वर जावं लागतं, आणि हे काम बरंच खाली, १२००-१३०० अंशांच्या आसपास उरकतं. बदलतं ते कणांमधलं रिकामेपण. समजा पुडीने साच्यातली ६० टक्केच जागा भरली आहे. साचा बाजूंनी पक्का, दाब वरून-खालून. पोकळी पूर्ण गेली तर १० मिलिमीटरचा थर ६ मिलिमीटरवर येतो. म्हणून 'सघनीकरण', किंवा सरळ 'घनता वाढणे'.

सुरुवातीला कण सरकून जागा धरतात. भरावाची माती 'बसते' म्हणतो ना, तेच क्रियापद इथे चपखल आहे. मग कण जिथे टेकतात तिथे सांधा धरतो. त्याला 'मान' (इंग्रजीत 'नेक') म्हणतात. गंमत अशी की अणू नुसते कणांच्या पृष्ठभागावरून सरकत आले तर मान जाड होते, पण पोकळी तेवढीच राहते. दोन कणांमधल्या सीमेवरून अणू निघाले, तरच कणांची केंद्रं जवळ येतात आणि ठोकळा आक्रसतो. दाबामुळे याला जोर मिळतो. म्हणजे कण जुळणं वेगळं आणि सघन होणं वेगळं. सिंटरिंगला, म्हणजे पूड तापवून तिचे कण जुळवण्याला, 'तापपिंडन' म्हणा हवं तर, पण सघनीकरणाच्या जागी तो शब्द घालू नका.

आणखी एक. या पद्धतीचं रूढ नाव 'स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग'. त्याचं 'ठिणगी-प्लाझ्मा' असं भाषांतर करायचा मोह टाळावा, कारण आत ठिणग्या उडतात किंवा प्लाझ्मा तयार होतो याला ठोस पुरावा नाही. ॲल्युमिनासारख्या विद्युतरोधक पुडीतून तर प्रवाह जवळपास जातच नाही; तो ग्रॅफाइटच्या साच्यातून जातो, साचा तापतो आणि पूड त्याच्या धगीने तापते.

'चूर्णाचे घनीकरण'ऐवजी मी असं लिहीन : 'दाब आणि विजेची उष्णता मिळताच पूड बसते, कण जुळतात आणि तिचं सघनीकरण होतं.'