सोलर घ्यायचंय? आधी बारा महिन्यांची बिलं काढा

भाऊ, कोटेशन मागवायच्या आधी वर्षभराचे युनिट मोजा आणि बारानं भागा. १ किलोवॉट महिन्याला साधारण १२० युनिट देतं. सरासरी २४० असेल तर २ किलोवॉट पुरे. पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ ला ७८,००० रुपये अनुदान आहे. पुढे कितीही वाढवा, आकडा तोच. वापर शंभर युनिटांच्या आत असेल तर घाई नको. त्या टप्प्याचा वीजदर स्वस्त असतो, म्हणून पैसे वसूल व्हायला जास्त वर्षं लागतात.

नवखे फसतात ते इथं:

- लाईट गेली की ऑनग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला जोडलेलं बिनबॅटरीचं सोलरही बंद, भर दुपारीसुद्धा. लाईनवर चढलेल्या वायरमनच्या जिवासाठी ते मुद्दाम तसं केलेलं असतं.
- जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात ऊन रग्गड, पण पॅनल २५ अंशांपुढे तापलं की दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. म्हणून पत्र्याला चिकटवून बसवू नका, खालून वारा खेळला पाहिजे.
- टाकीची किंवा शेजारच्या निंबाची सावली. एका पॅनलवर पडली तरी अख्खी ओळ मागं पडू शकते. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चारला गच्चीवर जाऊन बघा.
- अनुदानाला डीसीआर, म्हणजे सेलसकट भारतात बनलेली पॅनलच चालतात. कोटेशनवर तसं लिहून घ्या.

बिल शून्य होईल असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या, स्थिर आकार भरावाच लागतो. बॅटरी जोडलेल्या हायब्रिड सोलरचं आत्ता डोक्यात घेऊ नका. धूळ मात्र धुवा, तीही सकाळी, काच गार असताना.