बुडणाऱ्याच्या हाती लागेल असा दोर

प्रश्न : आम्ही मित्रांनी मिळून इंजिनाची एक लहान फायबर होडी घेतली आहे. पावसाळा सरून समुद्र निवळला की माझगावहून घारापुरीच्या बाजूला जाण्याचा विचार आहे. लाईफ जॅकेट सर्वांसाठी आहेत. कोणी पाण्यात पडल्यास फेकण्यासाठी नांगराचा उरलेला नायलॉन दोर ठेवला आहे. तो चालेल का, की ‘थ्रो बॅग’ (दोर भरलेली, बुडणाऱ्याकडे फेकायची पिशवी) घ्यावी?
— एक वाचक, माझगाव

उत्तर : थ्रो बॅग अवश्य घ्यावी. नायलॉन ताणला जाऊन हिसका सोसतो, म्हणून तो नांगराला उत्तम; पण तो पाण्यात बुडतो आणि बुडालेला दोर घाबरलेल्या माणसाला दिसतही नाही, सापडतही नाही. थ्रो बॅगेतील पॉलिप्रोपिलीनचा दोर पाण्यावर तरंगतो. लहान होडीला १५ ते २० मीटर लांबी पुरते. दोर शक्यतो ८ मिलिमीटरचा पाहावा, कारण त्याहून बारीक दोर ओल्या हातातून सटकतो आणि तळवा कापतो. आपल्या बंदरातल्या गढूळ पाण्यावर उठून दिसावा म्हणून तो पिवळा किंवा नारिंगी असावा.

फेकण्यापूर्वी इंजिन न्यूट्रलमध्ये आणावे. फिरत्या पंख्याजवळ माणूस आणि दोर दोन्ही येऊ देणे अत्यंत धोक्याचे आहे. पिशवीचे तोंड मोकळे करून दोराचे टोक एका हातात पक्के धरावे, मात्र मनगटाला गुंडाळू नये, कारण तसे केल्यास ओढीने आपणही पाण्यात जाल. पडलेल्याला मोठ्याने हाक मारावी, त्याने आपल्याकडे पाहिले की पिशवी खालून झोका देऊन त्याच्या डोक्याच्या पलीकडे टाकावी, म्हणजे दोर त्याच्या खांद्यावर पडेल. पिशवी अलीकडे पडली, तर ती फेक वाया गेली. अशा वेळी दोर पुन्हा पिशवीत भरत बसू नये. तो भराभर ओढून सैल वेटोळी करावीत, पिशवीत वजनापुरते थोडे पाणी घ्यावे आणि लगेच पुन्हा फेकावे. पडलेल्याने दोर छातीशी धरून उताणे व्हावे व तो खांद्यावरून घ्यावा. मग ओढताना तोंड पाण्याबाहेर राहते. ओढणाऱ्याने खाली बसून पाय टेकवावेत, उभ्याने ओढू नये. शुद्ध हरपलेला माणूस दोर धरू शकत नाही, हे ध्यानात ठेवून लाईफ जॅकेट चढवूनच होडीत बसावे, ते बाकाखाली ठेवू नये.

प्रश्न : दोराची निगा कशी राखावी?
— तेच वाचक

उत्तर : खाऱ्या पाण्यात भिजलेला दोर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा, उन्हाने पॉलिप्रोपिलीन कमकुवत होते आणि तंतू ठिसूळ होऊन भुरभुरू लागले की तो दोर बदलावा. भरताना वेटोळी करू नयेत. टोक बाहेर ठेवून उरलेला दोर थोडा थोडा कोंबत जावे, म्हणजे फेकताना गुंता होत नाही. पिशवी सुकाणूपाशी, हात लांबवला की मिळेल अशी टांगावी. सरावासाठी शांत पाण्यात एक सुका नारळ सोडून त्याच्या पलीकडे पिशवी टाकून पाहावी. तरंगणारा नारळ साधारण माणसाच्या डोक्याएवढाच दिसतो. हा सराव होडीतल्या प्रत्येकाने करावा, कारण पाण्यात नेमका होडी चालवणाराच पडला, तर दोर इतरांनाच फेकावा लागेल.