पाच अक्षरांचे, ए, ओ आणि आर असलेले इंग्रजी शब्द कसे शोधायचे?

तुम्ही विचारलंय की पाच अक्षरांच्या शब्दात ए, ओ, आर ही तिन्ही अक्षरं हवी असतील तर शब्द पटकन सुचावेत कसे, आणि यादी किंवा डिक्शनरी बघून शोधले तर ती लबाडी होते का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही होत. आणि नेमकी हीच तीन अक्षरं विचारलीत म्हणूनच लिहायला बसले. यांच्याच एका शब्दावरून आमच्या घरात १९९६पासून वाद आहे.

आमचं घर वेंगुर्ल्याजवळ, मागच्या बाजूला बाबांचा तेलाचा घाणा. त्या मे महिन्यात आत्या आणि आतेभाऊ मुंबईहून रात्रीच्या एसटीनं आले, आणि त्यानं येताना स्क्रॅबल आणलं, म्हणजे पटावर अक्षरं लावून इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ. मी सातवी पास झालेली, मराठी शाळेत, म्हणजे इंग्रजीची ओळख पाचवीपासूनची. तो इंग्रजी माध्यमाचा. पहिली खेळी माझी होती, आणि माझ्या सात अक्षरांत सी, ओ, पी, आर, ए होते. मला विचारच करावा लागला नाही. घाण्यावर येणाऱ्या पोत्यांवर काळ्या शाईत हा शब्द ठसठशीत छापलेला असायचा. पोतं शिवताना सुतळीचा टाका बऱ्याचदा पीच्या पोटावरून जायचा, तरी लांबूनही तो शब्द वाचता यायचा. मी मधल्या चौकटीवरून पाचही अक्षरं लावली.

तो म्हणाला, "कोब्रा लिहायचंय ना? मग बी लाव."

मी म्हटलं, "कोप्रा. सुकं खोबरं."

"अगं, खोबऱ्याचं कोप्रा केलंस तू. इंग्रजीत असलं काही नसतं."

आजी आतून ओरडली, "पोता हाड आणि दाखय तेका!" मी खरंच पोतं आणलं. त्यावर तो म्हणाला, हे पोतीवाल्यांचं इंग्रजी. घरात डिक्शनरी नव्हती. आत्यानं निकाल दिला की तो इंग्रजी शाळेत जातो, त्याला माहीत असणार. माझी अक्षरं उचलली, पाळी गेली. शब्द धरला असता तर प्रत्येक अक्षराचे गुण असे: सी तीन, ओ एक, पी तीन, आर एक, ए एक, म्हणजे नऊ. पहिल्या शब्दाला मधल्या चौकटीमुळे दुप्पट गुण, म्हणून अठरा. तो डाव मी अकरा गुणांनी हरले.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्यांदा काय केलं असेल तर कपाटातली मोठी डिक्शनरी मागून घेतली. कोप्रा होता, खोबरं या अर्थानंच. मल्याळममधला 'कोप्परा', तो पोर्तुगीजांनी उचलला आणि तिथून इंग्रजीत गेला. आणि त्याला जो अस्सल इंग्रजी वाटत होता तो कोब्राही पोर्तुगीजांकडूनच आलेला! मँगो, अरेका म्हणजे सुपारी, बीटल म्हणजे विड्याचं पान, हे तिन्ही पाच अक्षरी शब्द याच वाटेनं मल्याळममधून पोर्तुगीजांच्या हातून इंग्रजीत गेले. आमच्या परसातली झाडं आहेत ही, कुणा पोतीवाल्यानं बनवलेले शब्द नव्हेत. पुढच्या मे महिन्यात मी वहीत उतरवलेला अर्थ त्याला दाखवला. तो म्हणाला, "झालेला डाव झाला."

आता तुमच्या शब्दांचं. तीन वेगवेगळी अक्षरं पाच घरांत साठ प्रकारे बसतात, पण साठही तपासत बसू नका. आपली अडचण वेगळी आहे. आपण इंग्रजी शब्द कानानं आठवतो, आणि देवनागरीत मनात लिहितो. मनात 'बोर्ड' लिहिलं की त्यातला ए गायब. 'कोप्रा' आपल्या हिशेबानं दोन अक्षरी, तिकडे पाच. म्हणून ओ आणि ए शेजारी ठेवून डोळ्यानं बघा: बोर्ड, होर्ड, रोस्ट, रोच, ग्रोन. ब्रॉडही यातच, त्याचा उच्चार वेगळा म्हणून तो हमखास सुटतो. मग शेवट धरा. ओ-आर शेवटी: ॲक्टर, मेजर, रेझर. ए-आर शेवटी: सोलर, पोलर. ए-एल शेवटी: कोरल, मोरल, रॉयल. ओ शेवटी: कार्गो. एवढं कागदावर लिहून काढलंत की उरलेले आपोआप सुचतात.

यादी हाताशी असेल तर एक्सेलच्या फिल्टरमध्ये माहीत नसलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाका. सी, ओ, प्रश्नचिन्ह, आर, ए असं टाकलं की कोब्रा आणि कोप्रा दोन्ही पुढे येतात. अक्षरांची जागाच माहीत नसेल तर आधी नुसती पाच प्रश्नचिन्हं टाकून पाच अक्षरी शब्द वेगळे काढा, मग त्यातून आधी ए असलेले, मग ओ असलेले, मग आर असलेले शब्द निवडत जा.

वर्डल, म्हणजे पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा ऑनलाइन खेळ, २०२१मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि थोड्याच दिवसांत आमच्या घरच्या ग्रुपवरही रोज हिरवे-पिवळे चौकोन यायला लागले. मी एकदा लिहिलं की अडले की मी डिक्शनरी उघडते. आतेभावाचं लगेच उत्तर आलं, मग ते तुझं डोकं नाही. मला हे पटत नाही, कधीच पटणार नाही. ज्यांच्या घरात इंग्रजी बोललं जातं त्यांना डिक्शनरी घरातच मिळालेली असते, आईच्या तोंडून, काकाच्या तोंडून. आम्हाला ती कपाटातून काढावी लागते. उघडून बघणाऱ्याला लबाड म्हणायचं आणि न बघता 'असं काही नसतं' म्हणणाऱ्याला हुशार, हे कुठलं माप? स्क्रॅबल खेळायला बसलात तर पहिलं अक्षर उचलायच्या आधी ठरवा की कुठली डिक्शनरी मानायची. ती मधे ठेवा. घरातला मोठा माणूस पंच करू नका, इंग्रजी शाळेतला तर नकोच.

एक सांगायचं राहिलं. लेबर, फेव्हर यांसारखे शब्द अमेरिकन स्पेलिंगनंच पाच अक्षरी होतात, आपल्या पुस्तकांतल्या स्पेलिंगनं सहा. वर्डल अमेरिकन स्पेलिंग धरतं, स्क्रॅबलमध्ये तुमची डिक्शनरी सांगेल तसं. आणि कैरोमध्ये तिन्ही अक्षरं आहेत, पण ते शहराचं नाव, चालत नाही.

हे मी ग्रुपवरही टाकणार आहे. मे १९९६, वेंगुर्लं, पहिली खेळी, कोप्रा, अठरा गुण. तो डाव मी सात गुणांनी जिंकले होते.