फरशी पुसायला काढलेले चार टी-शर्ट

तासगावहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, एकही विषय राहिलेला नाही. तीन मित्रांबरोबर त्याचा मराठी गाण्यांचा बँड आहे, गाणी त्याचीच. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून त्याने बँडच्या नावाचे १०० टी-शर्ट छापून घेतले. खर्च २६ हजार. त्यातले ४१ विकले गेले, ४०० रुपयांना एक. उरलेले ५९ सुट्टीत घरी आणून पलंगाखाली ठेवले. वडिलांचं स्वतःचं साड्यांचं दुकान आहे. ते लिहितात, "२६ हजार पाण्यात गेले. इंजिनिअर होणारा पोरगा कार्यक्रमाच्या दारात टी-शर्ट विकत उभा राहतो, पाहुण्यांत काय सांगायचं? त्याला गेट किंवा एमपीएससीकडे कसं वळवू?"

नमस्कार.

गेट, म्हणजे एम.टेक.ची प्रवेश परीक्षा, तिसऱ्या वर्षापासून देता येते, एमपीएससी आणि एमबीएची सीईटी पदवीनंतरही आहेच. यातली एकही वाट टी-शर्टांमुळे बंद होत नाही. त्यामुळे त्याबद्दल इथेच थांबते.

मला काळजी वाटली ती पत्राच्या शेवटाकडच्या एका वाक्याची. "माल पडूनच होता म्हणून चार टी-शर्ट फरशी पुसायला काढले, त्याच्यासमोरच, म्हणजे त्याचे डोळे उघडतील." पुढच्याच ओळीत लिहिलंय की तो सुट्टी संपायच्या दोन दिवस आधीच पुण्याला निघून गेला आणि आता फोनवर आईशीच बोलतो. या दोन ओळींचा एकमेकींशी असलेला संबंध तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. त्या टी-शर्टवर त्याच्या बँडचं नाव होतं. स्वतःच्या कमाईतून त्याने उभी केलेली ती पहिली वस्तू. तुमच्या दुकानातली साडी, न खपलेली का असेना, तुमच्या डोळ्यांदेखत कुणी फडक्याला फाडली असती तर तुम्हाला काय वाटलं असतं? हे तुमचं चुकलं. स्पष्ट सांगते, कारण करिअरपेक्षा हे आधी दुरुस्त व्हायला हवं.

तुमच्याच पत्रात आहे, तुमचे वडील सायकलच्या कॅरिअरला साड्यांचा गठ्ठा बांधून सावळजपर्यंतचे आठवडी बाजार करायचे. ते तुम्ही अभिमानाने लिहिलंय आणि ते अभिमानाचंच आहे. मग नातू दारात उभा राहून कापड विकतो यात लाज कसली?

आता तुमचा एक गैरसमज. तुम्ही लिहिता, "गाण्यात दम असता तर टी-शर्ट विकायची वेळ आली नसती." वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मोबाइलच्या ॲपवर गाणं एकदा वाजलं की गाणाऱ्याच्या पदरात काही पैसे पडतात, रुपया नव्हे, आणि तेही वितरकामार्फत, उशिरा. हजार जणांनी गाणं ऐकलं तरी चौघांच्या चहा-वड्याचे पैसे निघतील याची खात्री नाही. गाणं आवडलेल्या माणसाच्या खिशातून थेट गाणाऱ्याच्या हातात पैसा येतो तो कार्यक्रमाच्या दारातल्या टेबलावर. जगभरचे मोठमोठे बँडही तिथे टी-शर्ट विकतात. आपल्याकडेही हे नवं नाही. संगीत नाटकांच्या पदांची पुस्तकं छापून विकली जात, सिनेमाच्या थिएटरबाहेर गाण्यांच्या चोपड्या मिळत. ऐकणाऱ्याला आवडलेल्या गाण्याचं काहीतरी घरी न्यावंसं वाटतं. ४१ जणांनी ४०० रुपये मोजून अनोळखी पोरांच्या बँडचं नाव अंगावर घातलं, याचा अर्थ तुमच्या लक्षात यायला हवा. गिऱ्हाईक फुकट कौतुक भरपूर करतं, पाकीट सहज काढत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?

आणि २६ हजार पाण्यात गेलेले नाहीत. १६,४०० परत आलेत. अडकलेत ९,६००, म्हणजे आणखी २४ टी-शर्ट विकले की मुद्दल सुटतं. हा पडून असलेला माल आहे, बुडीत खातं नव्हे. हा फरक तुम्ही दुकानात रोज करता, मुलाच्या बाबतीत केला नाहीत.

धंद्यात मात्र तो चुकलाय. त्याने चारही साइज पंचवीस-पंचवीस घेतले. लार्ज पहिल्याच कार्यक्रमात संपले आणि स्मॉल २३ उरले. ठोक व्यापारी सगळ्या रंगांचा सेट गळ्यात मारायला बघतो तेव्हा कुठला रंग आपल्या गावात चालत नाही हे तुम्ही गठ्ठा न सोडता सांगू शकता. त्याला हे कुणी शिकवलंच नाही. स्क्रीन प्रिंटिंगला प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन करावी लागते, म्हणून जास्त नग काढले तरच ते परवडतं. सुरुवातीला डीटीएफवर, म्हणजे फिल्मवर छापून ती कापडावर दाबायच्या पद्धतीने, दहा-वीस काढायचे, नगामागे खर्च जास्त पडला तरी चालेल. आगाऊ मागणी आणि पैसे घेऊन मगच छापलं तर आणखी बरं. छापण्याआधी एक नमुना उलटा करून पाच-सहा वेळा धुऊन बघायचा. कापडाचं जीएसएम (चौरस मीटरमागे वजन), आकसणं, शिलाई हे तुम्ही बोटांनी ओळखता. त्याला तिरुपूरहून येणारा टी-शर्टांचा माल कसा पारखायचा हे शिकवायला माझ्यापेक्षा, कुठल्याही कोर्सपेक्षा तुम्ही लायक आहात. बेळगावच्या मित्राला एक टी-शर्ट विकायचा तरी परराज्यातली विक्री म्हणून जीएसटी नोंदणी लागते. तुमच्याकडे ती आहे. दुकानाचा माल म्हणून रीतसर नोंदवून बिल करा.

त्यालाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत, हे उत्तर त्याला वाचायला द्या. बाळा, टी-शर्टच्या पाठीवर तू एका दिवंगत कवीची ओळ छापली आहेस. कवी २००३ साली गेले असतील तर त्यांच्या कवितेवरचा हक्क २०६३ अखेरपर्यंत वारसांकडे राहतो. त्यांची लेखी परवानगी मिळेपर्यंत ते टी-शर्ट विकू नकोस. तुकोबांचा अभंग चालेल, तुझी स्वतःची ओळ सगळ्यात उत्तम. चित्र मैत्रिणीने फुकट काढून दिलंय, म्हणजे त्याचा हक्क तिचा आहे. तो तिच्या सहीनिशी लिहून घे आणि मुदतही लिही. मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो. दुसरं म्हणजे, टी-शर्टवर घर चालेल असं धरून चौथं वर्ष सोडू नकोस. टी-शर्ट गाण्याच्या मागून चालतात. गाणी थांबली की तेही थांबतात.

आणि वडिलांनी एक करावं. पाठीवरच्या ओळीचं निस्तरलं की पुढच्या सुट्टीत दुकानात, गादीवर, त्याला शेजारी बसवून या शंभर नगांचा हिशोब नव्या वहीत मांडा. पहिली नोंद तुमच्या नावावर करा: फडक्याला नेलेले चार नग, १,६०० रुपये, रोख. मग मुद्दल सुटायला त्याला वीसच विकायचे उरतील.