मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्राममध्ये बनवलेलं जुनं ॲप्लिकेशन गळ्यात पडलंय, लिहिणारा सोडून गेलाय, एररचा अर्थच लागत नाही. सुरुवात कुठून करू?

तुम्ही दोन त्रास लिहिलेत. एक म्हणजे सेव्ह केलेली क्वेरी (डेटा काढायची किंवा बदलायची आज्ञा) डबल क्लिक केली की व्यवस्थित चालते पण फॉर्मवरच्या बटणावरून तीच चालवली की एरर नंबर 3061 येतो, 'टू फ्यू पॅरामीटर्स, एक्स्पेक्टेड 1'. दुसरा म्हणजे महिन्याचा रिपोर्ट जानेवारीचा बरोबर येतो आणि पुढच्या सगळ्या महिन्यांची बेरीज फुगलेली येते, एरर मात्र कुठलीच नाही. दोन्हीची उत्तरं खाली देतो, पण त्याआधी एक काम करून घ्या, नाहीतर अशा अजून दहा गोष्टी दडून राहतील.

आधी अख्ख्या फाइलची कॉपी काढा, फ्रंट एंडची (फॉर्म, रिपोर्ट आणि कोडची फाइल) पण आणि डेटाची पण, आणि कॉपीतले लिंक्ड टेबल्स, म्हणजे दुसऱ्या फाइलमधल्या डेटाला जोडलेले टेबल्स, कॉपीतल्याच डेटाला जोडलेत ना ते डोळ्यांनी बघून घ्या, कारण टेस्ट म्हणून चालवलेली डिलीट क्वेरी खऱ्या टेबलवर जाणं फार सोपं आहे. मग व्हीबीएच्या (ॲक्सेसमधला कोड ज्या भाषेत असतो तिच्या) एडिटरमध्ये टूल्स, ऑप्शन्स, जनरल टॅबवर जाऊन 'ब्रेक ऑन ऑल एरर्स' लावा, म्हणजे प्रत्येक एररवर कोड थांबेल. त्यानंतर पूर्ण प्रोजेक्टमध्ये 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' (एरर आली तरी पुढच्या ओळीवर जा) सर्च करा. जुन्या कोडमध्ये ही ओळ ढिगाने सापडते. ती काय करते ते नीट समजून घ्या, कारण 'एरर दाबते' एवढंच तिचं काम नाहीये. समजा लूपमध्ये प्रत्येक ग्राहकाची बाकी काढून व्हेरिएबलमध्ये ठेवतायत आणि एका ग्राहकाला ती ओळ फेल झाली, तर व्हेरिएबलमध्ये आधीच्या ग्राहकाची रक्कम तशीच राहते आणि पुढची ओळ तीच रक्कम या ग्राहकाच्या नावावर लिहून मोकळी होते. आणि जे प्रोसीजर आतून कॉल होतं त्याला स्वतःचा एरर हँडलर नसेल तर एरर आली की ते अर्ध्यातच सोडलं जातं आणि कंट्रोल वरच्या प्रोसीजरच्या पुढच्या ओळीवर येतो, म्हणजे अर्धं काम झालंय आणि कुणालाच पत्ता नाही.

याच जातीच्या अजून दोन गोष्टी शोधा. 'डूकमांड सेटवॉर्निंग्ज फॉल्स' (ॲक्सेसच्या सूचना बंद) करून परत ट्रू न केलेलं, आणि कोडमधून क्वेरी चालवणारं 'करंटडीबी एक्झिक्यूट' ज्याच्या शेवटी 'डीबीफेलऑनएरर' दिलेलं नाही. हा ऑप्शन नसला की डुप्लिकेट कीमुळे किंवा लॉकमुळे जे रेकॉर्ड बसत नाहीत ते गुपचूप गळतात आणि कोड म्हणतो सगळं झालं. हे सगळं एका दिवसात काढून टाकू नका हं. कॉपीवर एकेक काढा आणि काय वर येतं ते लिहून ठेवत जा, मला तरी दरवेळी खरी यादी अशीच मिळते.

आता 3061. ॲक्सेसच्या डेटाबेस इंजिनला, म्हणजे आधीचं जेट आणि 2007 पासूनचं एस, एसक्यूएलमध्ये (क्वेरी ज्या भाषेत लिहितात तिच्यात) जे नाव ओळखता येत नाही ते त्याला पॅरामीटर, म्हणजे बाहेरून द्यायची व्हॅल्यू, वाटतं. फील्डचं स्पेलिंग चुकलं तरी पॅरामीटर, टेक्स्ट व्हॅल्यूला कोट्स द्यायचे राहिले तरी पॅरामीटर. तुमच्या केसमध्ये मात्र क्वेरी स्वतः ठीक आहे, कारण डबल क्लिकने चालते. माझी जवळपास खात्री आहे की तिच्या क्रायटेरियामध्ये (अटीत) फॉर्मवरच्या एखाद्या टेक्स्टबॉक्सचा रेफरन्स आहे. स्क्रीनवरून चालवताना ॲक्सेस स्वतः तो रेफरन्स सोडवून इंजिनला व्हॅल्यू देतं, आणि कोडमधून 'ओपनरेकॉर्डसेट' किंवा 'एक्झिक्यूट' ने चालवलं की मधलं ॲक्सेस बाजूला राहतं आणि इंजिनला फॉर्म म्हणजे काय ते माहीतच नसतं, मग फॉर्म समोर उघडा असला तरी 3061 येणारच. उपाय: कोडमध्ये त्या क्वेरीचं 'क्वेरीडेफ' (कोडमध्ये सेव्ह केलेली क्वेरी दाखवणारा ऑब्जेक्ट) घ्या, तिच्या पॅरामीटर्सवर लूप फिरवा, प्रत्येकाच्या नावावर 'इव्हॅल' फंक्शन चालवून मिळालेली व्हॅल्यू त्याला द्या आणि मग त्या क्वेरीडेफवरूनच रेकॉर्डसेट उघडा. चार-पाच ओळींचं काम आहे.

बेरजेचं प्रकरण जास्त गंभीर आहे आणि तुम्ही 'जानेवारी बरोबर' हे लिहिलंत म्हणून पटकन लक्षात आलं. बटणाच्या कोडमध्ये तारखा जोडून एसक्यूएल बनवलेलं असेल, तारखा हॅशच्या (#) चिन्हांमध्ये. तो स्ट्रिंग (जोडून तयार झालेला मजकूर) इंजिनकडे जायच्या आधी 'डिबग प्रिंट' करा आणि कंट्रोल जी दाबून इमिजिएट विंडोत वाचा. मशीनची सेटिंग दिवस-महिना-वर्ष अशी असेल तर फेब्रुवारी 2024 साठी तिथे 01/02/2024 ते 29/02/2024 दिसेल, आणि आपल्याला ते बरोबरच वाटेल. पण हॅशमधली तारीख इंजिन आधी महिना-दिवस अशी वाचतं, मशीनची सेटिंग काहीही असो. म्हणजे 01/02 झाली 2 जानेवारी. 29/02 मात्र तशी वाचता येत नाही कारण 29 वा महिना नसतो, म्हणून तिथे ते न सांगता उलटं करून 29 फेब्रुवारी घेतं. तर तुमचा फेब्रुवारीचा रिपोर्ट 2 जानेवारीपासूनचा आहे, मार्चचा 3 जानेवारीपासूनचा, डिसेंबरचा 12 जानेवारीपासूनचा. जानेवारीत 01/01 कसंही वाचलं तरी तेच, म्हणून तो महिना जुळतो. हातात कॅल्क्युलेटर घेऊन एक महिना या तारखांनी तपासा, फुगलेली रक्कम तंतोतंत जुळली पाहिजे. दुरुस्ती म्हणजे तारीख जोडताना 'फॉरमॅट' फंक्शनने वर्ष-महिना-दिवस करून मग जोडा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे पॅरामीटर क्वेरी करा, मग स्ट्रिंगची भानगडच राहत नाही.

स्ट्रिंग छापून बघायची ही सवय सगळीकडेच लावा. कोडची ओळ कितीही वेळा वाचली तरी इंजिनकडे शेवटी काय गेलं ते त्यात दिसत नाही. जुन्या कोडमध्ये तर तो स्ट्रिंग तीन-चार फंक्शनमधून तुकड्यातुकड्याने जोडत आणलेला असतो.

पुढे कधीतरी लागेल म्हणून अजून थोडं. एखाद्या मशीनवर 'कान्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी' अशी एरर 'डेट' किंवा 'लेफ्ट' सारख्या साध्या फंक्शनवर येऊन थांबली तर त्या ओळीकडे बघत बसू नका, टूल्समधल्या रेफरन्सेसमध्ये (कोड ज्या लायब्ररी वापरतो त्यांच्या यादीत) 'मिसिंग' लिहिलेलं काहीतरी सापडेल. डेटा एसक्यूएल सर्व्हरवर असेल आणि 3146 'ओडीबीसी कॉल फेल्ड' आलं तर खरा मेसेज 'डीबीइंजिन' च्या 'एरर्स' कलेक्शनमध्ये असतो, तो पूर्ण छापा. आणि लिंक्ड टेबलवर कुणीच दुसरं काम करत नसताना 'दुसऱ्या युजरने रेकॉर्ड बदललं' असं येत असेल तर आधी बघा की एखाद्या बिट (हो/नाही) कॉलममध्ये नल, म्हणजे रिकामी व्हॅल्यू, आहे का. डिफॉल्ट 0 द्या, जुने नल भरा, टेबलला 'रोव्हर्जन' (रेकॉर्ड बदललं की आपोआप बदलणारा) कॉलम लावा आणि टेबल परत लिंक करा.

तारखांबद्दल एक गोष्ट मात्र याच आठवड्यात करा. तोच कोड लिहिणाऱ्याने इन्सर्ट आणि अपडेट पण तसेच बनवले असतील, आणि तिथे 12 तारखेपर्यंतच्या नोंदी टेबलमध्ये उलट्याच बसल्या असतील, म्हणजे 5 फेब्रुवारीची 2 मे म्हणून. 13 पासूनच्या नोंदी बरोबर असतात त्यामुळे वरवर बघून कळत नाही. ऑटोनंबरने (नोंद टाकताना आपोआप मिळणाऱ्या क्रमांकाने) सॉर्ट करून तारखेचा कॉलम खालपर्यंत वाचा, शेजारच्या नोंदींच्या मध्येच एखादी तारीख काही महिने पुढे किंवा मागे उडी मारत असेल तर ती नोंद वेगळ्या टेबलमध्ये कॉपी करून ठेवा. लगेच अपडेट चालवू नका. कागदावरच्या बिलाशी ताडून बघा, हिशोब बघणाऱ्यांना यादी दाखवा, कारण त्या आकड्यांवर कुणीतरी आधीच रिपोर्ट दिलेले असतील आणि कुठला आकडा बदलणार आहे हे त्यांना आधी कळायला हवं.